शुक्रीनं खाल्लेली पिशवी

"शुक्रे! ए शुक्रे, सोड! सोड म्हणते न्हवं!"

भाग्या रुळांच्या कडेकडेनं धावत फलाटावर चढली, पण तोवर उशीर झाला होता. लोंढ्याकडून आलेली सकाळची गाडी घाटाच्या बोगद्यात शिरून दिसेनाशी झाली होती. कॅसलरॉकच्या फलाटावर धुकं पुन्हा येऊन बसलं होतं. आणि बाकाजवळ तिची तांबडी गाय एका परक्या माणसाची तागाची पिशवी, डोळे अर्धे मिटून, विडा चघळावा तशी चघळत उभी होती. पिशवीचा मालक पलीकडे फोन डोक्यावर धरून रेंज शोधत होता.

"अवो पिशवीवाले! मागं बघा की!"

तो वळला, बघितलं आणि धावला. पिशवीचं एक टोक शुक्रीच्या तोंडात, दुसरं त्याच्या हातात. भाग्यानं गाईच्या जबड्याच्या कोपऱ्यात बोटं घातली, ओढलं, आणि शेवटी पिशवी सुटली. एक बंद मात्र गेला होता. कोपराही कुरतडल्यासारखा झाला होता.

भाग्या ओरडा खायला तयार होऊन उभी राहिली. पण तो ओल्या पिशवीकडे बघत राहिला, आणि मग हसला. त्याचं हसू आधी डोळ्यांत यायचं, ओठांवर नंतर पोचायचं. केसांवर धुक्याचे थेंब होते. हे सगळं आपण कशाला बघतोय, असं भाग्याला वाटलं आणि तिनं दाव्याची गाठ आवळायला घेतली.

"पिशवी भरून देईन," ती म्हणाली. "आमी कुणाचं ठेवून घेत न्हाई."

"पिशवीचं राहू दे. ही उपाशी आहे का?"

"उपाशी? माझी गाय?" भाग्याचा आवाज चढला. "भाराभर पिंजर खाऊन आलीया. पोट बघा की, नगाऱ्यागत हाय!"

"पोट भरलंय. भूक भागलेली नाही."

"दोन्ही येकच की."

"एकच असतं, तर हिनं ताग कशाला खाल्ला असता?"

भाग्यानं शुक्रीच्या ओठाला चिकटलेला तागाचा धागा ओढून काढला. 

त्याचं नाव योगेश. रामनगरात त्याच्या वडिलांचं पेंडीचं दुकान होतं. तो स्वतः कॉलेजात जनावरांच्या खाण्याचा अभ्यास करत होता. भाताचा सुका पेंढा, म्हणजे इकडं ज्याला पिंजर म्हणतात ते, गाईंना जास्त चांगलं कसं पचेल, हे त्याला घराघरांतल्या गोठ्यात बघायचं होतं. ज्यांनी वाडीत बोलावलं होतं ते पाहुण्यांकडे निघून गेले होते, आणि फोन लागत नव्हता.

"पिंजर पचवायचं औषध?" भाग्यानं विचारलं. तिच्या डोळ्यांत काहीतरी लखकन चमकलं. "मग आमच्याकडं चला. आत्ताच!"

तिला एवढी घाई का, ते आता सांगायला हवं.

शुक्री शुक्रवारी जन्मली म्हणून शुक्री. तिची आई साप चावून गेली तेव्हा ती इतकी लहान होती, की भाग्यानं पेजेत बोटं बुडवून ती चोखायला देऊन तिला जगवलं. आता ती स्वतः आई झाली होती. दिवाळीच्या सुमारास तिला पाडी झाली. पण त्यानंतर थोड्याच दिवसांत ओढ्यापलीकडे चरणारी शेजारच्या झिलूची कालवड वाघानं नेली, आणि तेव्हापासून भाग्याचा बाप लखू गुरं रानात सोडेना. गोठ्यात बांधून राहिलं ते फक्त पिंजर. पिंजरावर शुक्रीच्या बरगड्या दिसायला लागल्या, दूध आटलं, आणि दावं तोडून ती स्टेशनावर केळीच्या साली हुडकत फिरायला लागली.

लखूची बहीण खानापूरकडे दिलेली. तिच्याकडे बारा महिने हिरवा चारा. "माघात उळवीची जत्रा झाली की गाय-वासरू तिच्याकडं धाडतो," लखूनं सांगून टाकलं. "हितं उपाशी ठेवण्यापरास बरं."

भाग्या रडली नाही. तिनं फळीवरची धारेची पितळी चरवी उतरवली. चरवीच्या गळ्याखाली एक पोचा होता, भाग्याच्याच हातून लहानपणी पडलेला. रानात चरायची तेव्हा शुक्री त्या पोच्यापर्यंत दूध द्यायची. आता ते पार तळाला गेलं होतं.

"जत्रेच्या सकाळी तुमीच धार काढायची, बा. दूध पोच्यापतूर आलं तर शुक्री हितंच ऱ्हाणार. आन् परत ह्यो विषय काढायचा न्हाई."

"पिंजरावर?" लखू हसला होता.

"पिंजरावर."

"बरं. न्हाई आलं तर तूबी डोळ्यात पाणी काढायचं न्हाई."

"न्हाई काढणार."

तेव्हा हे असं होतं. म्हणूनच एका अनोळखी पिशवीवाल्याला पुढं घालून भाग्या रानाच्या वाटेनं वाडीकडे निघाली होती, आणि मागून शुक्री त्या पिशवीवर नजर ठेवून चालत होती.

*

गोठ्यात योगेशनं पिंजराची एक काडी उचलली आणि भाग्याच्या हातावर ठेवली. "मोडून बघ."

तिनं मोडली. उन्हाच्या वासाची, कडक, चिवट काडी.

"या काडीत खाण्याजोगं पुष्कळ आहे. साखरच म्हण ना. पण ती अशी घट्ट विणलेली, की सुटतच नाही. माणसाला तर ती पचतच नाही. गाईलाही एकटीला पचत नाही."

"मग ती काय करते?"

"तिच्या पोटात एक मोठी कोठी आहे. त्या कोठीत डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव राहतात. गाय चारा गिळते, परत वर आणून रवंथ करते, आणि ते जीव बसून हे विणकाम उसवत राहतात. त्यांच्याजवळ कात्री असते म्हण. त्या कात्रीला एन्झाइम म्हणतात."

"किण्व," भाग्या पटकन म्हणाली. "शाळंत कन्नडात होतं. दहावीला."

योगेशनं तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. "किण्वच. पण पिंजर इतकं चिवट, की त्या बिचाऱ्यांचा निम्मा वेळ नुसती सुरुवात करण्यात जातो. म्हणून ही पूड. हिच्यात तीच कात्री आहे, बाहेर तयार केलेली. पाण्यात मिसळून पिंजरावर मारायची, रात्रभर पोत्यानं झाकून ठेवायचं. सकाळपर्यंत काही टाके सैल होतात. पुढचं काम आतले जीव करतात."

"मग दूध वाढंल?"

"थोडं. कदाचित." तो थांबला. "जादू नाही ही. कुठं फरक पडतो, कुठं पडत नाही. खोटं सांगून मला तुझ्याकडून..." पुढचं वाक्य त्यानं का गिळलं कुणास ठाऊक. "शिवाय ही मिठाची आणि खनिजांची वीट टांगायची. चाटेल ती. पिशव्या चघळणाऱ्या गाईला तेही कमी पडत असतं."

फवारा कसा मारायचा ते त्यानं नुसतं पाणी भरून दाखवलं, कारण पूड जपून वापरायची होती. बारीक तुषार, सगळीकडे सारखा, मग हातानं वरखाली. पुडीचा डबा भाग्याच्या हातात देताना तो म्हणाला, "औषधच समज. रोज संध्याकाळी, न चुकता."

दारात उभी असलेली भाग्याची आई, बाळी, हे ऐकत होती. "औषध हाय व्हय," ती समाधानानं म्हणाली. "मग बरं. घरात बाळंतीण हाय आमच्या."

योगेशनं चमकून घराकडे बघितलं. भाग्या खुदकन हसली. "आई शुक्रीला म्हणतीया. आमच्यात व्यालेल्या गाईला बाळंतीणच म्हणत्यात."

*

दर रविवारी सकाळच्या गाडीनं योगेश यायचा, दुपारच्या गाडीनं जायचा. यायचा तो सरळ गोठ्यात. शुक्रीच्या बरगड्यांवरून हात फिरवायचा, शेण बघायचा. न पचलेल्या काड्या शेणात दिसतात, हे त्यानंच भाग्याला शिकवलं होतं.

"शेणात बघून सांगता?" भाग्या म्हणायची. "आमच्यात हात बघून सांगत्यात."

"हात दाखव. तोही बघतो."

"शेणाचा हात हाय."

"मग तर जास्तच कळेल."

ती हात मागं घ्यायची. पण लगेच नाही.

बाळी त्याला पेज वाढायची, सोबत कणगांची, म्हणजे कंदांची, भाजी. तो दोनदा मागून घ्यायचा. लखू ओसरीवर बसून विडी ओढत म्हणायचा, "पाव्हणं, तुमचं औषध गाईला लागंना, पण तुमास्नी पेज मात्र लागाय लागलीया."

कारण खरंच, औषध लागत नव्हतं.

भाग्या एक संध्याकाळ चुकली नाही. ताप आला होता तेव्हाही कांबळं पांघरून गोठ्यात गेली. विटेमुळं शुक्रीचं भिंती चाटणं तेवढं कमी झालं. पण शेणात काड्या तशाच दिसायच्या, बरगड्या तशाच, आणि चरवीतलं दूध पोच्याच्या कितीतरी खाली. जत्रा मात्र जवळ येत होती.

मग एका रविवारी योगेश आला तो गप्प गप्प. पेज नको म्हणाला. तेव्हाच भाग्याला कळलं.

"आमच्या सरांनी सांगितलंय... हे घर सोडून द्या. बाकीच्या वाड्यांत थोडाफार फरक दिसतो. इथं काहीच नाही." तो जमिनीकडे बघत होता. "एखाद्या गाईला नाही लागू पडत, भाग्या. शुक्रीचं पोटच कदाचित तसं..."

"कसं?"

"म्हणजे... तिच्यातच काही कमी असेल."

भाग्या ताठ उभी राहिली. "तिच्यात? पेजेवर जगवलीया मी तिला. एवढ्याशा जीवानं हट्ट सोडला न्हाई तवा. कमी तिच्यात न्हाई. तुमच्या डब्यात असंल. न्हाईतर तुमच्यात!"

"मी काय केलं?"

"तुमी सोडून चालला न्हवं! पहिल्या दिवशी म्हणाला भूक भागली पायजे. आता म्हणता पोटच वाईट. जावा. गाडी चुकंल तुमची."

योगेशनं पिशवी खांद्याला लावली. तो कुंपणाची कवाडी ओढून निघून गेला. भाग्या गोठ्यात जाऊन शुक्रीच्या मानेला टेकून उभी राहिली. मान कोमट होती. डोळ्यांत पाणी काढायचं नाही, असं बापाला सांगितलं होतं. तिनं ते काढलं नाही.

दुपारची गाडी कधीच निघून गेली असेल, असं तिला वाटलं. पण दुपारभर बोगद्याकडून शिट्टी आलीच नव्हती. घाटात एक मालगाडी अडकून पडली होती.

*

तिन्हीसांजेला तिनं नेहमीप्रमाणं चूल पेटवली.

काही उपयोग नाही, हे तिला आता सांगण्यात आलं होतं. तरी तिनं डबा काढला, पूड मापली, पाण्यात घातली. अजून डब्यात पूड होती, अजून जत्रा व्हायची होती. तेवढं पुरे होतं. तिनं पातेलं चुलीवर ठेवलं आणि फुंकणीनं जाळ फुलवला.

"भाग्या..."

कवाडीत योगेश उभा होता. चालून चालून घामाघूम. "गाडी आली नाही. मी म्हटलं... तसं जायला नको होतं. मी जे बोललो ते..." तो बोलता बोलता थांबला. "हे काय उकळतंय?"

"तुमचं औषध."

"माझं... काय?"

"औषध हो. शुक्रीचं. रोज करते तसंच." भाग्या पळीनं ढवळत होती. आवाजात राग होता, पण थोडा अभिमानही होता. "कसर ठेवली असंल म्हणून बघाय आला असाल तर बघा. चांगला कढ आणते, फेस काढते, निवंपतूर झाकते, मग फवारते. येक दिवस कच्चं घातलं न्हाई."

मागून बाळी म्हणाली, "बाळंतिणीला कच्चं औषध कोण देतं वो? काढा करायलाच पायजे."

योगेश चुलीजवळ मटकन खाली बसला. पातेल्यातून वाफ निघत होती, आणि तो त्या वाफेकडे असा बघत होता, की भाग्याला भीतीच वाटली.

"काय झालं? चुकलं काय?"

"तुझं नाही," तो म्हणाला. "माझं. मीच म्हणालो होतो, औषध समज म्हणून. आणि मिसळून दाखवलं नाही. नुसत्या पाण्यानं फवारा दाखवून गेलो." त्यानं कपाळावर हात मारला. "मी आलो की दुपारीच गेलो. एक संध्याकाळ राहिलो असतो तर..."

"सांगा की नीट!"

त्यानं इकडंतिकडं बघितलं. कोपऱ्यातल्या टोपलीत कोंबडीची अंडी होती. एक उचलून त्यानं तिच्या तळहातावर ठेवलं. "हे उबवलं तर काय होईल?"

"पिल्लू."

"आणि उकडलं तर?"

"तर खायचं." भाग्या हसायला गेली, आणि हसू अर्ध्यावरच थांबलं. तिनं अंड्याकडे बघितलं. मग पातेल्याकडे. "उकडलेल्या अंड्यातनं पिल्लू येत न्हाई," ती हळूच म्हणाली.

"पांढरं एकदा घट्ट झालं की पुन्हा पातळ होत नाही. मग ते निववा, नाहीतर गार पाण्यात ठेवा. ही कात्रीही त्याच जातीची आहे. उकळली की तिची पाती वाकली. कायमची."

"म्हणजे इतक्या दिवसांत शुक्रीला..."

"एकदाही मिळालेलं नाही."

चुलीतलं लाकूड तडतडलं. भाग्याला वाटलं, आता रडू येणार. पण आलं ते वेगळंच. "म्हणजे शुक्रीत काही कमी न्हाई!" ती ओरडलीच. "बघा! मी म्हणलं न्हवतं? तिला लागू पडत न्हाई असं अजून ठरलंच न्हाई!"

योगेश तिच्याकडे बघत राहिला. सगळे दिवस फुकट गेले, हे कळल्यावर कुणी इतकं उजळून निघालेलं त्यानं पाहिलं नव्हतं.

"पण आता हे अभ्यासात धरता येणार नाही," तो म्हणाला. "निम्मा काळ गेला. सर घेणारच नाहीत."

"अभ्यासात नगा धरू. गोठ्यात धरा." तिनं पातेलं उतरवलं, सगळा काढा अंगणात ओतून दिला आणि रिकाम्या भांड्यात रांजणातलं गार पाणी घेतलं. "बसा न्हवं. मिसळून दाखवा. ह्या बारीला मी डोळं फाडून बघणार हाय."

तो मिसळत असताना ती खरंच बघत होती. पातेल्याकडे थोडा वेळ. बाकीचा वेळ त्याच्या हातांकडे.

*

आता त्याला येण्याचं काहीच कारण उरलं नव्हतं. घर अभ्यासातून वगळलं गेलं होतं. तरी पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं तो आला. आणि दुपारच्या गाडीनं गेला नाही. रात्र झिलूच्या घरी काढली.

"आता कशाला आलासा?" भाग्यानं विचारलं.

"शुक्रीला बघायला."

"मग तिच्याकडं बघा की."

"बघतोच आहे... अधूनमधून."

संध्याकाळी दोघं मिळून पिंजर पसरायचे. ती फवारा धरायची, तो हातांनी वरखाली करायचा. गोठ्यात उतरतं ऊन तिरपं यायचं आणि तुषारांत क्षणभर रंग दिसायचे. एकदा तिनं फवारा मुद्दाम जरा वर धरला. योगेशच्या पापण्यांवर बारीक थेंब बसले.

"अगं! माझ्यावर कशाला?"

"टाके सैल होतात न्हवं? म्हणलं, बघावं. किती दिवस काहीतरी बोलायचं म्हणतासा आन् गिळतासा."

तो थेंब न पुसता उभा राहिला. "सैल व्हायला रात्र लागते," तो म्हणाला. "घाई केली तर..."

"मला घाई न्हाई," भाग्या म्हणाली आणि वाकून पिंजर सारखं करायला लागली. तिचे कान लाल झाले होते. "पोत्यानं झाकून ठेवायचं तेवढं ध्यानात ठिवा."

योगेश जरा वेळानं म्हणाला, "एक सांगू? जत्रेपर्यंत दूध पोच्याला लागेल, असं मी म्हणू शकत नाही. थोडेच दिवस राहिलेत."

"तुमी म्हणू नगा. तुमी पिंजर हलवा."

हळूहळू फरक दिसायला लागला. आधी शेणात. चिवट लांब काड्या कमी झाल्या. मग शुक्री गव्हाणीतलं पिंजर मागं न ठेवता खाऊ लागली. मग एका सकाळी लखू तिच्या पाठीवरून हात फिरवताना मध्येच थांबला आणि पुन्हा एकदा फिरवला.  चरवीतलं दूध वर सरकत होतं, पण बोट बोट नव्हे. नखानखानं.

*

जत्रेच्या दिवशी पहाटेपासून वाडीत गडबड होती. उळवीला जाणारी जीप फाट्यावर यायची होती. बाळीनं भाकऱ्या फडक्यात बांधल्या. योगेश आदल्या दिवशीच येऊन झिलूच्या घरी राहिला होता. तो गोठ्याच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि खांद्यावरची पिशवी नकळत खुंटीला अडकवली. तीच, एका बंदाची.

लखूनं हातपाय धुतले, चरवी गुडघ्यात धरली आणि धारेला बसला. पहिल्या धारा पितळेवर वाजल्या, मग आवाज मऊ झाला. भाग्या पाडीच्या गळ्यात हात टाकून उभी होती. 

लखू उठला. चरवी ओट्यावर ठेवली. फेस पोच्याच्या वर होता.

"आलं!" बाळी म्हणाली.

"फेस बसू दे," भाग्या म्हणाली.

फेस एकेक बुडबुडा करून बसत गेला. शेवटी दुधाची कड स्वच्छ दिसली. पोच्याच्या खाली. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढी. पण खाली.

भाग्यानं वाकून बघितलं. पुन्हा बघितलं. मग सरळ उभी राहिली आणि बापाकडे बघून म्हणाली, "न्हाई आलं, बा."

तिनं डोळ्यांत पाणी काढलं नाही. योगेशनं मात्र तोंड फिरवलं.

लखू काही बोलणार तेवढ्यात मागं खसफस झाली. शुक्रीनं दावं ताणून मान लांब केली होती. तिचं नाक खुंटीवरच्या तागाच्या पिशवीला लागलं. तिनं ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हुंगली. सगळे तिच्याकडे बघत राहिले. शुक्रीनं जोरात फुरफुर केलं, पिशवीकडे पाठ फिरवली आणि गव्हाणीतल्या पिंजरात तोंड खुपसलं.

"ही तीच न्हवं," लखूनं विचारलं, "स्टेशनावर खाल्लेली?"

"व्हय," भाग्या म्हणाली.

लखू गाईजवळ गेला. बरगड्यांवर हात ठेवला. बोटं आता हाडांच्या मध्ये रुतत नव्हती. 

"निम्मा वेळ तर तुमच्या काढ्यात गेला," तो पुटपुटला. मग ओट्याकडे आला, चरवीतलं दूध पातेल्यात ओतलं, चरवी आडवी धरून आत उखळातल्या मुसळाचं टोक घातलं आणि आतून पोच्यावर दोन ठोके दिले. पितळ टण्णकन वाजलं. पोचा बाहेर आला.

"अवो, काय करता?" बाळी ओरडली.

"पोचा काढला," लखू म्हणाला. "आता मोजायचं कशापतूर? जा, आत्याला सांगावा धाड. गाय येत न्हाई म्हणावं."

तो कवाडीतून बाहेर पडला. बाळी भाकऱ्या घेऊन मागोमाग गेली. तेव्हा कुठे भाग्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. शुक्री जायची नव्हती म्हटल्यावर ते चालण्यासारखं होतं.

योगेश तिच्याजवळ आला. जवळ, पण हातभर अंतर ठेवून. "तुझं काम झालं," तो म्हणाला.

"व्हय."

"मग आता... मी कुठल्या कारणानं येऊ?"

भाग्यानं पदरानं डोळे पुसले आणि घरात गेली. बाहेर आली ती हातात नवी पिशवी घेऊन. जाड तागाची, दोन भक्कम बंदांची, आणि काठावर लाल दोऱ्यानं घातलेले बारीक टाके. एकही सैल नाही.

"भरून देईन म्हणलं होतं."

त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली. उघडून आत बघितलं. "भरून? ही तर रिकामी आहे."

"भरायला दर रविवारी यायला लागंल."

तो हसला. आधी डोळ्यांत, मग ओठांवर. नवी पिशवी खांद्याला लावून त्यानं खुंटीवरच्या जुन्या पिशवीकडे हात नेला, तर भाग्यानं ती आधीच काढून घेतली होती.

"ती दे की."

"न्हाई. ही शुक्रीची. त्या दिवशी फलाटावर तिनंच निवडलीती."

"काय, पिशवी?"

भाग्या त्या चघळलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवत राहिली. "पिशवीवाला," ती म्हणाली.

गोठ्यात फक्त रवंथीचा आवाज येत होता, संथ आणि समाधानी.

"आणि शुक्रीच्या मालकिणीनं?" योगेशनं विचारलं. त्याचा आवाज इतका हळू होता, की पाडीनंही कान टवकारले. "तिचं काय म्हणणं आहे? कारण माझं केव्हाचं ठरलंय, भाग्या. अंडं तुझ्या हातावर ठेवलं, त्या दिवसापासून."

भाग्यानं मान वर केली. नजर वळवली नाही.

"मालकीण शुक्रीच्या शब्दाबाहेर न्हाई."

फाट्यावर जीपचा हॉर्न वाजला. पाठोपाठ लखूची हाक आली. ती ऐकून दोघंही दचकले, आणि मग हसायलाच लागले.

"अवो पिशवीवाले! जागा धरून ठेवलीया! उळवीला येणार का गोठ्यातच जत्रा करणार?"